सासूबाईंना घरी कोणी पोचवलं

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले आणि बहुतेकांना मनातल्या मनात नापास करत आले. याला ताप असणार, तिने अर्धवट झोपेत पाहिलं असणार, हा सरळ खोटं बोलतोय... माझी नोकरीच तशी आहे. चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळते, माप घेतल्याशिवाय कशावर सही करत नाही. वय बावन्न. घरात देवघर आहे, पण ते सासूबाईंचं. तेव्हा हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये. लाज वाटतेय. म्हणूनच नाव बदलून लिहितेय.

सासूबाई — मी त्यांना आई म्हणते — मूळच्या तंजावरच्या. तिथे राजवाड्याच्या आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत, त्यातलं एक. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या. त्यांचं मराठी वेगळं. ‘कुठे’ला ‘कोठे’ म्हणायच्या, वाक्याचा शेवट तमिळसारखा वर न्यायच्या. सासरी सगळ्यांनी त्याची थट्टा केली. मी थट्टा केली नाही, मी चुका दुरुस्त केल्या. कुठलं जास्त वाईट, ते तुम्ही ठरवा.

आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी दोनदा गॅस चालू राहिला. मी आणि माझा नवरा संजय, दोघंही सकाळी आठला घराबाहेर. मुलगी बाहेरगावी. आम्ही तळेगावजवळ एक वृद्धनिवास पाहिला, चांगला आहे, खोलीही ठरवली. फक्त आईंना सांगायचं राहिलं होतं. संजय म्हणाला, “तू सांग. तुला जमेल.” आमच्या घरात जे कोणालाच नको असतं ते मला जमतं, असं ठरलेलं आहे. मग त्यानेच सुचवलं की आईला एकदा तंजावर दाखवून आण आणि तिथेच कधीतरी विषय काढ. वीस वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. मी पाच दिवसांची रजा टाकली.

आम्ही उतरलो आईंच्या मामेभावाकडे, राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, वेस्ट मेन स्ट्रीटला लागून असलेल्या एका गल्लीत. मामा बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची बायको इंदूमामी शाळेत गणित शिकवायच्या. दोघंही आईंना अक्का म्हणतात. घरात तंजावरी मराठी आणि तमिळ एकाच वाक्यात चालतं. दोन दिवसांत आईंचा सूर परत वर जायला लागला. तिसऱ्या दिवसापर्यंत मी विषय काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी पायी फिरायचा कार्यक्रम आखला. नवं गाव चालत बघितल्याशिवाय कळत नाही, हे माझं जुनं मत. सकाळी साडेसातला मोठं देऊळ, तिथून चालत राजवाडा, ग्रंथालय, मूर्तींची दालनं, मनोरा. दालनं दुपारी एकला जेवणासाठी बंद होतात असं कळलं होतं, म्हणजे दहाला तिथे पोचायला हवं. फोनवर नकाशा लावला. देवळापासून राजवाडा वीस मिनिटं दाखवत होता.

इंदूमामी दारात म्हणाल्या, “ऑटो घे ग. अक्काला चालवतीस की काय या उन्हात?”

“ऑटोतून काय दिसतं मामी?” मी म्हटलं. “हळूहळू जाऊ.”

हळूहळू हा शब्द मी वापरला खरा.

देऊळ छान झालं. आई सावलीत बसल्या, मी सगळं बघून आले. तिथून निघालो साडेनऊला, आणि पावणेअकरा वाजले तरी आम्ही अर्ध्यावर होतो. आई दर दहा पावलांवर थांबत होत्या. “हे वैद्यांचं घर. दार बदललंय बघ.” “इथे विहीर होती, झाकली वाटतं.” “या घरातली कमला माझ्या वर्गात, तिला वेणी घालता यायची नाही.” मी पुढे जाऊन थांबायचे, नकाशा बघायचे, परत मागे यायचे. मग मी परत मागे येणं सोडलं, नुसतीच पुढे थांबायला लागले. रस्त्यावर फुटपाथ नावालाच, त्यावर स्कूटर उभ्या, एका बाजूला गटार उघडं. ऊन म्हणजे भट्टी.

एका वळणावर त्या म्हणाल्या, “इकडनं जवळ पडतं.”

“आई, नकाशा सरळ दाखवतोय.”

“नकाशाला काय ठाऊक? मी शाळेला जात होतें इकडनं.”

“साठ वर्षांपूर्वी. आता तिकडे भिंत असेल. आणि होतें नाही आई, होते.”

मी पुढे बोलले तेही लिहिते. म्हटलं, “मी माझी रजा घालून आलेय. प्रत्येक दाराशी थांबायचं असेल तर संध्याकाळपर्यंत आपण इथेच.”

त्यांनी पदराने मान पुसली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. शेजारी एका बंद घराला तिण्णै होती, म्हणजे दारालगतचा दगडी ओटा, तिकडच्या जुन्या घरांना असतो तसा. त्यावर सावली होती. मी त्यांना तिथे बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, “बसा इथे. मी पुढचा रस्ता बघून येते. दहा मिनिटं.”

रस्ता मला माहीत होता. राजवाडा तिथून सहा मिनिटांवर होता, फोन दाखवतच होता. मी गेले, तिकीट काढलं आणि आत शिरले. एकटी. मूर्तींची दालनं बघितली, मनोऱ्यावर चढले, फोटो काढले. मला फार बरं वाटत होतं. मधेच एकदा आठवण झाली, पण मनाशी म्हटलं, सावलीत आहेत, पाणी आहे, तेवढीच विश्रांती. त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता, तेही मला आठवलं होतं. तरी मी वर चढले.

माझ्या फोटोंवर वेळ आहे. पहिला अकरा वाजून आठ मिनिटांचा, शेवटचा बारा वाजून अकराचा. सवयीप्रमाणे सगळे जपून ठेवलेत.

साडेबाराला परत आले तर ओटा रिकामा.

बाटली तिथेच होती, झाकण लावून नीट उभी ठेवलेली. मी आधी चुकीच्या घरापाशी आले असेन म्हणून गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आले. मग पळायला लागले. साठ वर्षांपूर्वीचा शाळेचा रस्ता मी विचारलाही नव्हता, तर शोधणार कुठे? समोर एक बाई दारातच मशीन मांडून ब्लाऊज शिवत होती. मी तिला हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत, मग हातांनी दाखवलं — म्हातारी, पांढरे केस, इथे बसलेली. तिने पाय थांबवला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तमिळमध्ये काहीतरी बोलली. आवाज चढा होता. माप द्यायला आलेली एक कॉलेजची मुलगी शेजारी उभी होती, तिला मी म्हटलं, प्लीज, काय म्हणतात?

मुलगी अवघडून हसली. “मॅडम, शी इज सेइंग, यू ओन्ली टुक हर.”

“मी? नाही नाही. मी आत्ता येतेय.”

मुलीने तिला सांगितलं. शिंपीणबाईने माझ्या कुर्त्याकडे बोट केलं, मग समोरच्या ओट्याकडे, मग दोन बोटं जोडून शेजारी-शेजारी चालवून दाखवली. मुलगी म्हणाली, “सेम ब्लू ड्रेस, शी सेज. यू सॅट विथ दॅट पाटी लाँग टाइम. टॉकिंग टॉकिंग. देन बोथ वेंट, होल्डिंग हँड्स.” पाटी म्हणजे तिकडे आजी. आणि जरा थांबून, “शी इज आस्किंग, आर यू ओके?”

मी पळतच पुढच्या गल्लीत शिरले. घरी फोन का केला नाही, हे संजय असता तर त्याने विचारलं असतं. केला नाही कारण मामांना काय सांगणार होते? की अक्काला रस्त्यावर बसवून मी मनोरा बघत होते, आणि आता त्या नाहीत? तसं सांगायला लागू नये म्हणून मी आणखी अर्धा तास एकटीच गल्ल्या धुंडाळल्या. हे मला पुष्कळदा आठवतं.

शेवटी घरी गेले. आई आत पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, हातात दहीभाताचं ताट. केस विंचरलेले.

इंदूमामी म्हणाल्या, “कोठे गेलीस ग परत? जेवायला थांबून थांबून अक्काला वाढलं मी.”

“मामी... आई कधी आल्या?”

“कधी म्हणजे? तूच तर आणून सोडलीस. पावणेबाराला. कुकर उतरवत होतें मी.” त्या थांबल्या. “उन्हानं डोकं दुखतंय का? पाणी घेतीस का म्हणून विचारलं तर ‘येते’ म्हणून हात केलीस आणि चाललीस परत. पिशवी विसरलीस वाटतं म्हटलं मी. मोकळेच हात होते तुझे.”

पिशवी माझ्या खांद्यावर होती. सकाळपासून उतरवली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल तेच मी पहिल्यांदा म्हटलं — कोणीतरी दयाळू बाई, निळा कुर्ता, उंची माझ्याएवढी. आईंची नजर अधू, मामी स्वयंपाकघरातून बघत होत्या. मीही असंच लिहून सही करून टाकली असती. पण संध्याकाळी आई माडीवर वाळलेले कपडे घड्या करत होत्या, मी समोर बसले होते, आणि त्या सहज म्हणाल्या, “विद्या, मी विचार केला. जाते मी तिकडे.”

“कुठे?”

“तळेगावला. तू सांगितलीस ते.”

माझ्या हातात उशीचा अभ्रा होता. त्या बोलत राहिल्या. खालच्या मजल्यावरची खोली घेतलीस ते बरं केलंस, जिना नको. खिडकीशी पेरूचं झाड आहे म्हणालीस. संजयला म्हणावं, रडत बसू नको.

खोली खालच्या मजल्यावरची आहे. पेरूचं झाड आहे, मी ते बघूनच ती खोली मागितली होती. हे संजयला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आमचं फोनवरचं बोलणं त्यांनी चोरून ऐकलं असेल असं धरूया. धरलंच होतं मी. मी अगदी शांतपणे विचारलं, “आई, मी नक्की काय काय म्हटलं?”

त्या हसल्या. “आता परीक्षा घेतीस की काय? तू येऊन शेजारी बसलीस तेव्हाच ओळखलं मी, काहीतरी मोठं आहे. तू बसत नाहीस कधी. उभ्या-उभ्या बोलतीस. आणि मी दहा वेळा ‘कोठे’ म्हटलं असेन, एकदा दुरुस्त केलं नाहीस.”

त्यांनी एक परकर झटकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ते बाथरूमचं सांगितलीस ते बरं केलंस. तू ऐकलं नसेल असंच मला वाटत होतं. पण मनात होतं. तुझ्या तोंडून आलं, संपलं.”

हे तुम्हाला सांगायलाच हवं, नाहीतर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्याच्या महिनाभर आधी मी एका शनिवारी घरून काम करत होते. मीटिंग चालू होती. आईंनी बाथरूममधून हाक मारली, “विद्या”. कडी अडकली होती, पण ते मला नंतर कळलं. हाक मला ऐकू आली. दुसरी पण आली. मी हेडफोन कानावर नीट बसवले आणि मीटिंग पुरी केली. वीस मिनिटं. मग जाऊन कडी उघडली आणि म्हटलं, “अय्या, हाक तरी मारायची.” संजय घरी नव्हता. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही, मैत्रिणीला नाही, कुठे लिहिली नाही. ती माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते त्या वेळी राजवाड्याच्या मनोऱ्यावर फोटो काढत होतं.

त्या रात्री मी जेवले, झोपलेही. खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी त्या ओट्यापाशी गेले. घराला कुलूप होतं, त्यावर गंज. शिंपीणबाईने मला बघितलं आणि मशीनवरून न उठता मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. घरी परत येताना मी नकाशा न लावता आईंनी दाखवलेल्या त्या वळणावरून, त्यांच्या शाळेच्या वाटेने आले. भिंत कुठेच नव्हती. अकरा मिनिटं लागली.

परतीच्या गाडीत एकदा प्रयत्न केला. म्हटलं, “आई, त्या दिवशी तुमच्याशी बोलले ती...”

“एकदा बोललीस ते पुरे,” त्या म्हणाल्या. “परत परत कशाला? मी रागावले नाही.” आणि खिडकीकडे वळल्या.

मी परत प्रयत्न केला नाही. घरी आल्यावर संजयने विचारलं, “सांगितलंस?” मी म्हटलं, “सांगितलं.” त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “मला माहीत होतं, तुलाच जमेल.” तेही मी घेतलं.

आई तळेगावला आहेत त्याला आता आठ महिने झाले. रमल्यात म्हणणार नाही, पण बऱ्या आहेत. तिथे बऱ्याच जणांना घरच्यांनी ‘चार दिवस हवापालटाला’ म्हणून आणून ठेवलेलं आहे. आई त्यांना सांगतात की माझ्या सुनेने आधी शेजारी बसून सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. मी दर रविवारी जाते. बायका माझ्याकडे फार आदराने बघतात.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. फोटोंच्या वेळा आहेत, मामींची साक्ष आहे, बाथरूमची गोष्ट आहे, आणि या तीन गोष्टी एकमेकींत बसत नाहीत. कारखान्यात असा माल आला तर आम्ही तो बाजूला काढून लाल चिठ्ठी लावतो. इथे कशाला लावू?

मागच्या रविवारी तिथे एक बाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या, वडिलांसाठी खोली बघायला. ऑफिसबाहेरच्या बाकावर रडवेल्या होऊन बसल्या होत्या. आईंनी मला हाक मारली. “हिला विचारा. ही सांगेल, कसं सांगायचं ते.”

त्या बाई सरसावून बसल्या. “कशी सुरुवात केलीत तुम्ही? मला तर पहिलं वाक्यच सुचत नाही.”

मी उभी होते. मग त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, हातातली पिशवी आधी बाजूला ठेवा. घाई करू नका. आपलं काही चुकलं असेल तर ते आधी सांगा. हे सगळं मी आईंकडून ऐकलेलं.

“तुम्ही काय सांगितलंत?” त्या बाईंनी विचारलं. “म्हणजे... चालेल ना विचारलेलं?”

आई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “त्यांनी बाथरूममधून हाक मारली होती. मला ऐकू आली. मी गेले नाही.”

ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होते. पण आईंनी पाठांतर म्हणून घ्यावं तशी मान डोलावली आणि त्या बाईंना म्हणाल्या, “हं. अगदी असंच म्हणाली होती. त्या दिवशी जरा हळू बोलली होती, एवढंच.”